सिस्टिम रिस्टोर असताना डिस्क इमेज कशाला? – एका पोस्टला उत्तर

निळापडदा
परवा एका पोस्टमध्ये वाचलं: “विंडोजमध्ये सिस्टिम रिस्टोर आहेच. वेगळं इमेजिंग सॉफ्टवेअर म्हणजे जागेची नासाडी.” खाली सगळ्यांनी माना डोलावल्या आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितो. (डिस्क इमेज म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, फायली यांसकट अख्ख्या डिस्कची एका फायलीत साठवलेली प्रत.)

रिस्टोर पॉइंट, म्हणजे सिस्टिम रिस्टोरने टिपून ठेवलेली विंडोजची आधीची स्थिती, त्याच सी ड्राइव्हवर, एका लपलेल्या फोल्डरात असतो. डिस्क मेली की तोही मेला. तो रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि सिस्टिम फायली मागे नेतो, पण पुसली गेलेली एक्सेल फाइल परत आणत नाही. रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आत शिरलं की फायली लॉक करण्याच्या बरोबरीनेच शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, पुसतं, आणि रिस्टोर पॉइंट त्या शॅडो कॉपीवरच उभा असतो. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत हे पॉइंट फार तर ६० दिवस टिकतात. नवा ग्राफिक्स ड्रायव्हर बिनसला तर रिस्टोर उत्तम, त्यापलीकडे त्यावर विसंबू नका.

इमेज घ्यायची ती अख्ख्या डिस्कची. फक्त सी ड्राइव्हची घेतली तर सुमारे १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (मशीन बूट करणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा वेगळा भाग) राहून जातं आणि नव्या डिस्कवर सगळं उतरवूनही मशीन बूट होत नाही. इमेज घेणाऱ्या मॅक्रियम या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ला संपला. आज फुकटात घ्यायचं तर माझं मत हॅस्लिओ बॅकअप सूटला, दुसरा पर्याय व्हीम एजंटची मोफत आवृत्ती. दोन्ही विंडोज चालू असताना इमेज घेतात आणि पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग साठवतात.

बूटलोडर
पहिला अर्धा भाग शंभर टक्के मान्य, सॉफ्टवेअरची निवड अजिबात नाही. मॅक्रियम फुकट होतं तेव्हाही लोक असंच निर्धास्त होते. नॉर्टन घोस्ट हे जुनं इमेजिंग सॉफ्टवेअर वापरणारे तसेच निर्धास्त होते आणि २०१३ला ते बंद झालं. बंदिस्त फॉरमॅटमधली इमेज म्हणजे कंपनीच्या मर्जीवर ठेवलेला डेटा. क्लोनझिला घ्या. मुक्त स्रोत, पेन ड्राइव्हवरून बूट होतं, आणि वापरात असलेले ब्लॉकच (डिस्कचे भरलेले तुकडे) उचलतं, त्यामुळे ५१२ जीबीच्या डिस्कवर ९० जीबी भरलेले असतील तर इमेज त्याहून लहानच होते.

निळापडदा
मग क्लोनझिलाच्या मर्यादाही तुम्हीच लिहायच्या होत्या. इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेला भाग साठवणं, नाही. मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर सरळ उतरवता येत नाही: १ टीबीच्या हार्ड डिस्कवरून ५०० जीबीच्या एसएसडीवर जायचं तर आधी पार्टिशन आक्रसून घ्या. इमेजमधून एकच फाइल सहज काढता येत नाही. शिवाय दर वेळी मशीन बंद करून पेन ड्राइव्हवरून उठवायचं. घरात दर रविवारी हे कोण करणार? जे होणारच नाही त्या बॅकअपचा फॉरमॅट मुक्त असून काय उपयोग?

बूटलोडर
क्लोनझिलाच्या नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर रेस्क्यूझिला आहे. तेच इंजिन, वर माउसने चालणारा पडदा, आणि क्लोनझिलाच्या इमेज त्यात उघडतात. एकेक फाइलही त्यातून काढता येते. इन्क्रिमेंटल नाही हे खरं, तेवढं देतो तुम्हाला.

क्लोनझिला वापरताना लोक हमखास अडकतात ते विंडोज लवकर सुरू करणाऱ्या फास्ट स्टार्टअप या सोयीपाशी. शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट हायबरनेट होतं, एनटीएफएस (विंडोजची फायली साठवायची रचना) ‘वापरात’ दिसतं आणि क्लोनझिला इमेज घ्यायला नकार देतं. ॲडमिन टर्मिनलमध्ये ‘powercfg /hibernate off’ ही आज्ञा द्या, नाहीतर शिफ्ट दाबून शट डाउन करा. तरीही तक्रार आली तर विंडोजमधलं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवा. जबरदस्तीने पुढे जाण्याचा पर्याय निवडू नका.

खटाटोप
दोघंही मूळ प्रश्नालाच बगल देताय. इमेज हवीच कशाला? कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज बिघडलं तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून कोरं इन्स्टॉल. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, प्रॉडक्ट की विचारतसुद्धा नाही. दोन वर्षांचा कचरा इमेजमध्ये जपून परत तोच उतरवायचा, ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते.

फॉन्टघर
घरी बसून मराठी डीटीपी करणाऱ्यांना हे सांगून बघा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या फायली तोच फॉन्ट नसेल तर निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ दाखवतात. त्या फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर, त्याच्या यूएसबी लॉकचा (लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही त्या काडीचा) ड्रायव्हर, जुळवून ठेवलेला कीबोर्ड लेआउट, प्रिंटरचे रंग. ज्या सीडीवरून ते बसवलं ती वाचणारा ड्राइव्हसुद्धा आता मशीनमध्ये नसतो. कोरं इन्स्टॉल अर्ध्या तासात होत असेल, पण हे सगळं परत उभं करायला आठवडा जातो. अशा मशीनला इमेजशिवाय दुसरा मार्ग नाही.

खटाटोप
ठीक, जुन्या सॉफ्टवेअरला इमेज. पण तीच इमेज नव्या मदरबोर्डवर उतरवली तर मशीनला बांधलेली लायसन्स पुन्हा ॲक्टिव्हेट करावी लागतील, तेही लिहा. आणि बाकीच्यांचं काय? ब्राउझर, ऑफिस आणि फोटो एवढ्यासाठी माझं म्हणणं तसंच आहे.

कुलूपकिल्ली
सगळं लिहिलंत आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, कुणाच्याच लक्षात नाही! २४एच२ नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बहुतेक नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतही. अशा डिस्कवर बाहेरून बूट केलेल्या क्लोनझिलाला कोणते ब्लॉक भरलेत ते दिसतच नाही. सगळे सेक्टर उचलावे लागतात आणि एन्क्रिप्ट केलेला डेटा कॉम्प्रेस होत नाही. ५१२ जीबीची डिस्क म्हणजे जवळपास तेवढीच इमेज. बूटलोडर, तुमचे ‘वापरातले ब्लॉक’ इथे संपले.

घरच्या डेस्कटॉपवर हे कुलूप काढून टाका. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट नुसतं बंद केलं तरी पुढच्या वेळी मशीन ४८ आकडी किल्ली मागतं, आणि ती कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं.

बूटलोडर
बेजबाबदार सल्ला. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तर आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंटं, सगळं उघड्यावर. किल्ली सांभाळता येत नाही म्हणून दार काढून ठेवायचं?

कुलूपकिल्ली
मी डेस्कटॉप लिहिलं, तुम्ही लॅपटॉप वाचलं. नीट वाचून मग बेजबाबदार म्हणा.

निळापडदा
दोघंही जरा थांबा, इथे एक गोष्ट राहतेय. विंडोजच्या आतून इमेज घेतली तर ड्राइव्ह उघडलेला असतो, म्हणून भरलेला भागच उचलला जातो. बूटलोडर, माझ्या निवडीचं हेही एक कारण. पण त्या इमेजमधला डेटा उघडा असतो. लॅपटॉप कुलुपात आणि कपाटातली डिस्क मोकळी! म्हणून इमेजला पासवर्ड लावाच. रिस्टोरनंतर ड्राइव्ह कुलुपाशिवाय येतो, बिटलॉकर परत चालू करावं लागतं आणि किल्ली नवी मिळते. जुना कागद फाडा, नवी लिहून ठेवा.

बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं स्थगित) करा. डिक्रिप्ट करायची गरज नाही. किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते का ते आजच दुसऱ्या फोनवरून पाहा आणि कागदावर उतरवा. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली किल्ली ऐन वेळी हाती लागणार नाही.

कुलूपकिल्ली
हे पटलं. लॅपटॉपला कुलूप राहू दे. डेस्कटॉपबद्दल मत बदललेलं नाही.

बूटलोडर
एन्क्रिप्शन चालू असेल तर आतून घेतलेली इमेज सोयीची, नाइलाजाने मान्य. पण रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून (विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा इमेज उतरवायला बॅकअप सॉफ्टवेअरने बनवलेल्या) मशीन उठवून पाहिलंय का, हे कुणीच विचारलं नाही. ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची यंत्रणा) चालू असतं. विंडोज पीईच्या (पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या छोट्या विंडोजच्या) रेस्क्यू ड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसेल तर आतली एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) यादीत येतच नाही. पेन ड्राइव्ह बनवतानाच तो ड्रायव्हर घाला, मग बूट करून दोन गोष्टी बघा: आतली डिस्क दिसते का, बाहेरच्या डिस्कवरची इमेज उघडते का. रिस्टोरचं बटण दाबू नका, एवढं पाहून बाहेर या.

फॉन्टघर
त्यात एक भर. बाहेरची डिस्क यूएसबी ३च्या पोर्टला लावा. ७० जीबीची इमेज सेकंदाला ३५ एमबीने ३३ मिनिटं घेते, ११० एमबीने ११. जुन्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट बरेचदा यूएसबी २चे असतात. आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा, लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोचतं.

खटाटोप
विंडोजमधलं जुनं ‘सिस्टिम इमेज’ कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो: मायक्रोसॉफ्टने ते २०१७मध्येच मोडीत काढायच्या यादीत टाकलंय आणि लहान डिस्कवर ते उतरत नाही. इमेज घ्यायचीच तर कोरं इन्स्टॉल, ड्रायव्हर आणि लागणारी सॉफ्टवेअर बसवून झाली की लगेच एक घ्या आणि ती कायम ठेवा. कचऱ्याबद्दलची माझी तक्रार तेवढ्यापुरती मिटते.