आरएक्स १०० साठी घरी चेंबर: मापं कशी काढायची, पत्रा कुठला घ्यायचा?

खानापूर_टूस्ट्रोक

नमस्कार मंडळी. आरएक्स १०० चा एक्स्पान्शन चेंबर (टूस्ट्रोकचा, दोन शंकू आणि मध्ये पोट असलेला सायलेन्सर) घरच्या शेडमध्येच बनवायचा आहे. गाडी फक्त ट्रॅकवर चालवायची, रस्त्यासाठी मूळ सायलेन्सर जपून ठेवलाय. हातात ४ इंची ग्राइंडर, व्हाइस, ड्रिल आणि २०० अँपियरचं इन्व्हर्टर आर्क वेल्डिंग आहे. दोन तयार चेंबरची मापं मिळाली, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

लांबी नक्की कशावरून ठरते? पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, साधं स्टील) की स्टेनलेस, आणि किती जाडीचा? शंकू सपाट पत्र्यावर कसा आखायचा? इंजिनखालचं वळण बेंडिंग मशीनशिवाय कसं काढायचं? पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या) मूळचेच आहेत, कानस लावलेली नाही.

उद्यमबाग_फिटर

दुसऱ्याच्या चेंबरची मापं उचलू नकोस. त्याचे पोर्ट वेगळे, त्याला ताकद हवी तो आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) वेगळा, मग मापं जुळणार कशी?

आधी क्रँकला डिग्री डिस्क (अंश मोजायची चकती) लाव. टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) डोळ्याने ठरवू नकोस. प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप बसव, क्रँक दोन्ही बाजूंनी टेकेपर्यंत फिरव आणि दोन आकड्यांच्या मधोमध टीडीसी धर. मग स्टॉप काढून एक्झॉस्ट पोर्ट उघडल्यापासून बंद होईपर्यंतचे अंश मोज. त्यावर हे सूत्र:

लांबी (मिमी) = ४२५०० × एक्झॉस्टचे अंश ÷ आरपीएम

गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला साधारण ५१० मीटर धरलाय. पोर्टमधून सुटलेली दाबाची लाट मागच्या शंकूवर आपटून पोर्ट बंद होण्याच्या वेळी परत यायची असते, म्हणून लांबी निम्मी येते. ही लांबी पोर्टच्या खिडकीपासून, म्हणजे पिस्टनच्या अंगापासून, मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत मोजायची. सिलिंडरमधला पोर्टचा बोगदा यातच येतो. बरेच जण फ्लँजपासून (पाइप सिलिंडरला जोडतो तिथून) मोजतात आणि चेंबर तेवढा लांब होऊन बसतो.

उदाहरण म्हणून १८० अंश आणि ८५०० आरपीएम धर. लांबी ९०० मिमी. बेंडपाइपचा (इंजिनपासूनच्या पहिल्या नळीचा) आतला व्यास ३५ मिमी धरला तर:

बेंडपाइपची लांबी व्यासाच्या ८ ते ९ पट, म्हणजे ३०० मिमी. फक्त वरच्या आरपीएमची ताकद हवी असेल तर ६-७ पटीवर आण, पण मग खालून गाडी उचलत नाही.
पोट (मधला जाड भाग) बेंडपाइपच्या व्यासाच्या अडीच पट, ८७.५ मिमी.
पुढचा पसरता शंकू, एकूण कोन ८ अंश: ३७५ मिमी.
मागचा निमुळता शंकू, एकूण कोन १६ अंश, ८७.५ वरून २१ वर: २३७ मिमी. त्याचा मध्य ११८ वर.
सरळ पोट उरतं ९०० − ३०० − ३७५ − ११८ = १०७ मिमी.
शेवटची नळी आतून २१ मिमी (बेंडपाइपच्या ०.६ पट), लांबी व्यासाच्या १२ पट, २५० मिमी.

या सगळ्यात शेवटच्या नळीकडे सर्वांत जास्त लक्ष दे. ती बारीक झाली की आत दाब आणि उष्णता साठते आणि पिस्टन जाम होतो. मोठी झाली की आवाज वाढतो, ताकद मात्र जाते. शंका वाटली तर अर्धा मिमी मोठीच ठेव.

पत्र्यावर शंकू आखायला तिरकी लांबी काढ. मागच्या शंकूत व्यासांतला फरक ६६.५, अर्धा ३३.२५. २३७ चा वर्ग अधिक ३३.२५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २३९.३. मोठी त्रिज्या = २३९.३ × ८७.५ ÷ ६६.५ = ३१५. लहान त्रिज्या = ३१५ − २३९.३ = ७५.७. मधला कोन = १८० × ६६.५ ÷ २३९.३ = ५० अंश. कंपासऐवजी पट्टीला दोन भोकं पाडून आखलं तरी चालतं.

शहापूर_पत्राकाम

उद्यमबागच्या अण्णांचं गणित बरोबर आहे, एक गोष्ट जोडतो. आतल्या व्यासावर आखणी केली तर पत्रा वळल्यावर शंकू बारीक येतो. आखणीसाठी व्यास पत्र्याच्या मधल्या रेषेचा घ्या, म्हणजे आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी. १ मिमी पत्र्याला परिघात ३ मिमीचा फरक पडतो. वरच्याच शंकूत कोन ५० अंशच राहतो, त्रिज्या मात्र ३१८.५ आणि ७९.२ होतात. आधी पुठ्ठ्यावर कापून, वळवून बघा आणि मगच पत्र्याला हात लावा.

पत्रा: १ मिमी सीआर. हाताने वळतो, स्वस्त आहे आणि वेल्डिंगला सोपा. १.२ चा टिकाऊ खरा, पण रोलिंग मशीनशिवाय नीट गोल होत नाही. स्टेनलेस दिसतं छान, पण तापल्यावर साध्या स्टीलपेक्षा जास्त पसरतं आणि उष्णताही सहज सोडत नाही. जोडाला चीर पडते ती त्यामुळे. पहिल्या चेंबरला सीआरच घ्या.

वळवताना चुकतं ते कडांपाशी. दोन्ही कडा साधारण १५ मिमी आधी वळवा, नंतर मधला भाग. कडा सपाट राहिल्या तर शंकू पेरूसारखा होतो आणि जोड ताणून धरावा लागतो. व्हाइसमध्ये ४० मिमीचा गोल पाइप धरा, पत्रा त्यावर दाबत थोडा थोडा फिरवत जा. हातोडा लाकडी घ्या, लोखंडी हातोड्याने पत्रा ताणून वाढतो.

वळणासाठी बेंडिंग मशीन लागत नाही. पाइप ७.५ अंश तिरका कापा आणि एक तुकडा १८० अंश फिरवा, १५ अंशांचं वळण तयार. लंबवर्तुळ लंबवर्तुळाशी तंतोतंत बसतं. शंकूलाही हीच युक्ती लागू पडते. फिरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खुणेची रेघ मारून ठेवा, नाहीतर अंश हुकतो. लांबी मधल्या रेषेवरच मोजायची, बाहेरच्या कडेवर नाही.

खानापूर_टूस्ट्रोक

खूप मोलाचं सांगितलंत दोघांनी. डिस्क लावून मोजालोय आजच. आर्क वेल्डिंगने १ मिमी जमेल का? आणि शेवटच्या नळीला जीआय (जस्त चढवलेला) पाइप चालेल का, तो घरात पडलाय.

शहापूर_पत्राकाम

आर्कने १ मिमी पत्र्याला भोकंच पडणार. बारीक रॉड घेऊन टॅक (वेल्डचे सुटे ठिपके) मारता येतील, पण पूर्ण जोड मारू नका. टॅक घरी मारा आणि जोड उद्यमबाग किंवा मच्छेला आर्गॉनवाल्याकडे मारून घ्या. घरी टिग (आर्गॉन वेल्डिंग) असेल तर ३५ ते ४५ अँपियर, १.६ मिमी टंगस्टन, साध्या स्टीलची फिलर वायर आणि आर्गॉन मिनिटाला ६-७ लिटर. पंखा बंद. पावसाळ्यात शेडमध्ये वारा शिरला तरी आर्गॉन उडतो आणि जोडात छिद्रं राहतात.

टॅक दर २०-२५ मिमीवर, पण एका ओळीत नाही, समोरासमोर. एकीकडून मारत गेलात तर दुसरीकडची फट उघडते. चेंबर अर्धवट टॅक झाला की गाडीला लावून बघा. स्टँड, फूटरेस्ट, किक, मागचा ब्रेक, सगळीकडून निदान १० मिमी जागा हवी.

जीआय बिलकुल नको. जस्ताचा धूर छातीत जातो, ताप भरतो. वापरायचाच असेल तर आधी जस्त पूर्ण काढावं लागतं, त्यापेक्षा काळा पाइप आणा. आणि पत्र्यावरचं तेल अ‍ॅसिटोनने पुसा. ब्रेक क्लीनरने कधीच नाही. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात, आर्कजवळ त्यांचा विषारी फॉस्जीन वायू होतो.

उद्यमबाग_फिटर

पुढचं तोंड नव्याने बनवू नको. मूळ सायलेन्सरला हात न लावता जुन्या, खराब बेंडपाइपचा तोंडाचा तुकडा मिळव आणि तोच जोड. तिथे गळती झाली तर लाट कमजोर होते आणि सिलिंडरभर तेल उडतं. मागचा ब्रॅकेट रबर बुशवरच धर. पक्का बोल्ट केलास तर कंपनाने ब्रॅकेटच्या मुळाशी पत्रा फाटतो. ब्रॅकेट सरळ पत्र्यावर वेल्ड न करता खाली ३० × ५० मिमीचा तुकडा आधी बसव, कोपरे गोल करून.

निपाणी_केए२३

चेंबर बसवून थेट फुल्ल थ्रॉटल देऊ नका. नवा चेंबर त्याच्या आरपीएमला जास्त हवा ओढतो, मूळ जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टनला भोक पडतं. मेन जेट दोन-तीन नंबर मोठा टाकून सुरुवात करा. मग तिसऱ्या गिअरमध्ये फुल्ल थ्रॉटलवर थोडं पळवून, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढा. आत तळाशी, चिनीमातीच्या बुडाला रंग बघा: भुरकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा म्हणजे पातळ, जेट वाढवा. काळा ओला म्हणजे एकेक नंबर खाली या. मोठ्याकडून लहानाकडे येताना इंजिन सुरक्षित राहतं.

आणखी एक. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यात गाडी नेली तर तिथली हवा साधारण ७ टक्के जास्त घन. इथे अगदी काठावर बसवलेला जेट तिथे पातळ ठरतो. ट्रॅक खाली असेल तर एक नंबर मोठा जेट सोबत ठेवा.

आवाजासाठी शेवटच्या नळीला छोटा सायलेन्सर जोडाच. आतली जाळीची नळी शेवटच्या नळीच्याच व्यासाची, ३ मिमीची भोकं, बाहेर ६० मिमीचा पाइप, मध्ये ग्लास वूल. एक टोक रिव्हेटने बंद करा म्हणजे वूल बदलता येतं. तेलाने भिजलं की ते आवाज धरत नाही. रस्त्यावर मात्र मूळ सायलेन्सरच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे, आणि १९०(२) मध्ये आवाज-धुराच्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलात तरी कायदा तोच.

खानापूर_टूस्ट्रोक

रंगाचं काय? आमच्याकडे पावसात महिन्याभरात गंज धरतो.

शहापूर_पत्राकाम

पॉलिश पेपर १२० ने घासा, थिनरने पुसा आणि ६०० अंश सोसणारा रंग पातळ तीन हातांत मारा. जाड हात मारला तर फुगे येतात. वाळल्यावर इंजिन पाच मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, मग दहा मिनिटं. असं तीनदा केल्यावर रंग पक्का होतो, तोवर त्यावर पाणी पडू देऊ नका. आतून टूस्ट्रोक ऑइलचा थर बसतो, तिकडे गंजाची काळजी नाही. गंज धरतो तो जोडाच्या कडेला, ग्राइंडरने जोड सपाट केलेल्या जागी. तिथे जोड घासून पातळ करू नका, उंच राहिला तरी चालेल.