स्वराची फी आणि तिच्या आईची दोन नावं

(घरचा ग्रुप : आपली माणसं, इंदूर-पुणे-बडोदा)

मिलिंद: सगळ्यांना सांगायचं होतं, स्वराला काउन्सिलिंगमध्ये सीट लागली, कम्प्युटर सायन्स, बायपासकडचं खासगी कॉलेज. फी वर्षाला १ लाख १५ हजार, बस वेगळी

नानाकाका: वा वा स्वरा!! आज रात्री सराफ्यात पार्टी माझ्याकडून. आणि मिलिंद फीचं टेन्शन घेऊ नकोस, पोस्टात माझी एफडी पडलीये ती मोडतो

मिलिंद: नाना एफडी अजिबात मोडायची नाही. मी बँकेत जाऊन आलो, साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला तारण लागत नाही म्हणाले, फक्त चार लाखांच्या वर गेलं तर पाच टक्के आपले घालायचे. हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू

नानाकाका: आणि व्याज? ते काय तोवर झोपा काढतं का? पोरीच्या डोक्यावर अठराव्या वर्षी कर्ज

मोठी आत्या: तुम्ही दोघं जरा थांबा. मेधावीचं काय केलं?

मिलिंद: ती गरिबांसाठी असते ना ताई, मला सात लाखाच्या वर पगार

मोठी आत्या: कोणी सांगितलं तुला. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, एमपी बोर्डाला ७० टक्के नाहीतर सीबीएसईला ८५, आणि इंजिनीअरिंगला जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत. स्वराला ८८ टक्के आहेत आणि रँक एक लाख बावीस हजार, मग अडलंय कुठे? सरकारी कॉलेजला पूर्ण फी देतात, खासगीला दीड लाख किंवा खरी फी, जे कमी असेल ते. म्हणजे तिची अख्खी बसते रे. मेसचे पैसे आणि कॉशन मनी म्हणजे अनामत मात्र त्यात येत नाही, ते तुझ्या खिशातून

स्वरा: आत्याआजी ❤️

पुण्याची काकू: आमच्याकडे तर मुलींची फीच माफ झाली २०२४ पासून, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर. महाडीबीटी म्हणून सरकारी पोर्टल आहे, त्यावर फॉर्म भरायचा, मी लिंक टाकते

मोठी आत्या: काकू ते महाराष्ट्रात राहणाऱ्यांना, आणि त्यातही ठरावीक वर्गांनाच. आमची स्वरा मध्य प्रदेशची मूल निवासी, घरात मराठी बोलून भागत नाही तिथे 😄 आमच्या आजोबांनी होळकरांची नोकरी धरली तेव्हाच ते ठरलं

मयूर: मिलिंददादा एक सांगू का, फॉर्म सोपा असतो, नंतर गंमत होते. मला सेंट्रलची स्कॉलरशिप मिळायची ना, पदवीला वर्षाला १२ हजारवाली, दुसऱ्या वर्षी पोर्टलवर दिसतंय पैसे गेले आणि माझ्या खात्यात शून्य. बँकेत चार चकरा मारल्या, प्रत्येक वेळी तेच उत्तर, भैया आपका आधार लिंक है. लिंक होतंच! पण लिंक वेगळं आणि सीडिंग वेगळं, सीडिंग म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारला जोडलेलं खातं, सरकारचे पैसे आधार नंबरावर येतात आणि एका आधारामागे एकच खातं धरलेलं असतं, जे शेवटी जोडलं ते. मी मधे सिमकार्ड घेताना दुकानदाराने मोबाइलमध्ये एक खातं उघडून दिलं होतं, मला पत्तापण नाही, बारा हजार तिथे जाऊन बसले होते

नानाकाका: भियाऽऽ

मयूर: हसा नाना. स्वरा तू आधारच्या वेबसाइटवर जाऊन बँक सीडिंग स्टेटस बघ, कुठली बँक दाखवतं ते

स्वरा: बघितलं. काहीच नाही दाखवत

मयूर: मग उद्या आधी बँक. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यायला, सीडिंग करा असं म्हणायचं, लिंक शब्द काढायचाच नाही तोंडातून

मोठी आत्या: आणि नावं बघा आधी, मी शाळेत नोकरीला होते तेव्हा निम्मे फॉर्म यातच अडकायचे, आणि त्यात आपली मराठी घरं पहिली. स्वरा तुझ्या आधारवर मधे मिलिंद आहे का?

स्वरा: हो. दहावीच्या मार्कशीटवर नाहीये, नुसतं नाव आणि आडनाव 😐

मोठी आत्या: बघ. आणि वहिनी तुमचं?

स्मिता: ताई स्वराच्या मार्कशीटवर माझं नाव स्मिता आहे. समग्रमध्ये, म्हणजे एमपीच्या कुटुंबाच्या आयडीत, सुनीता, ते आयडी माझ्या लग्नाआधीच्या कागदांवरून बनलं होतं

बडोद्याची मावशी: अगं हो! तांदळाच्या ताटात अंगठीने स्मिता लिहिलं होतं, मी होते बाजूला

नानाकाका: ते आईचं काम. तिला घरात स वरूनच नाव पाहिजे होतं, आता सुनीताही स वरूनच होतं ना, पण बोलणार कोण तिच्यापुढे

मिलिंद: मग आता लोनचं काय, बँकवाला फोन करतोय

मोठी आत्या: नाही म्हणू नकोस, पण सही आत्ता नको. कॉलेजला पहिली फी आपल्यालाच भरावी लागली तर तेवढी नानांकडून उसनी घे, मेधावीचे आले की परत कर. त्यांचाही मान राहील. आणि लोन घ्यायचीच वेळ आली तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून कर, एका फॉर्मवर तीन बँका निवडता येतात. पीएम विद्यालक्ष्मीमधे ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर तीन टक्के व्याजाची सवलत आहे पण ती यादीतल्याच कॉलेजांना, तुमचं आहे का बघ

नानाकाका: उसने वगैरे काही नाही

मोठी आत्या: नाना.

नानाकाका: बरं.

(मंगळवार)

स्वरा: सीडिंगचा फॉर्म दिला बँकेत. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज पण झाला लोकसेवा केंद्रात, आता समग्रसाठी झोन ऑफिसला आलोय. काउंटरवर विचारलं, मॅडम असली नाम कौनसा है. आई म्हणाली, दोनों

मयूर: 😂😂😂

मोठी आत्या: लग्नाचं सर्टिफिकेट दाखवा म्हणावं. आणि पावतीचा फोटो इथे टाकू नका, नंबर असतो त्यावर

स्मिता: टाकला होता ताई, डिलीट केला