मदत हवी आहे: कार्ड सासूचं, विड्या सुनेच्या. यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढू?

नमस्कार मंडळी,

सोलापूरहून लिहितेय. नोकरी सांभाळून इतिहासात एम.ए. करते आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला विषय दिला होता, 'सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांचा इतिहास'. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हा विषय झाला. प्रश्न कुठाय?" पंधरा दिवस झाले, तो प्रश्न काही सापडत नाहीये.

हाताशी आहे ते सांगते. माझी अव्वा (वडिलांची आई, घरी आम्ही तेलुगू बोलतो) पूर्व भागात राहते. तिनं चाळीस वर्षं विड्या केल्या. तिच्या ट्रंकेत एक गंजलेली कात्री, पान कापायचा पत्र्याचा फर्मा आणि एक पासबुक मिळालं, १९७९ ते १९८२ चं. कारखान्यातून किती पान आणि तंबाखू दिली, किती विड्या परत आल्या, छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) किती गेली, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. पण वर नाव अव्वाचं नाही, तिच्या सासूचं आहे, कारण कारखान्याचं कार्डच सासूच्या नावाचं. सासूला तोवर डोळ्यांनी धड दिसतही नव्हतं. विड्या सगळ्या अव्वाच्या.

मी तिला विचारलं, तू विडी कामगार होतीस ना? तर म्हणाली, "कामगार गिरणीत असतात. मी विड्या करत होते."

जुनी रजिस्टरं बघायला एका कार्यालयात तीनदा गेले. दोनदा साहेब नव्हते, तिसऱ्यांदा कळलं की वाळवी लागली. चहा मात्र चांगला पाजला.

तर, प्रश्न नेमका कसा करतात? आणि कागद कुठे शोधू?

—

जुनी_गिरणी:
ताई, प्रश्न तुमच्या ट्रंकेत आहे आणि तुम्ही तो बाहेर शोधताय.

'विडी कामगार स्त्रियांचा इतिहास' याला उत्तर नाही, कारण काहीही लिहिलं तरी ते चालतं. ज्याचं उत्तर चूक निघू शकतं, तो प्रश्न. 'कार्डावरचं नाव आणि विडी वळणारे हात एकाच बाईचे होते का, आणि नसले तर कायद्याचा फायदा कुणाला मिळाला?' हे तपासता येतं. कदाचित बहुतेक घरांत नाव बरोबर निघेल आणि तुमची अव्वा अपवाद ठरेल. ठरू दे.

काळाचं कुंपण कायदाच घालून देतो. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ चा. कारखानदाराकडून किंवा ठेकेदाराकडून माल घेऊन घरी विड्या करणारी बाईही त्यात 'कामगार' धरली होती. मालक मंडळी कोर्टात गेली, १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला. कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. पीएफ विडी उद्योगाला १९७७ मध्ये लागू झाला, त्यावरही भांडण झालं आणि घरखेपी (माल घरी नेऊन विड्या करणाऱ्या) कामगारांनाही तो लागतो असा निकाल १९८५ मध्ये आला. म्हणजे १९६६ ते १९८५. त्याच्या पुढे जाऊ नका. सोलापूरजवळच्या कुंभारीची विडी कामगारांची दहा हजार घरकुलं २००६ ची, फार मोह होईल, पण तो दुसरा प्रकल्प.

बारीक_सूत:
वरच्यांशी सहमत, पण कागदांबाबत एक सावधगिरी. जनगणनेचे जिल्हावार ग्रंथ घरबसल्या मिळतात, ते बघाच. मात्र १९६१ आणि १९७१ चे आकडे शेजारी ठेवून 'बायकांचं काम घटलं' असं लिहू नका. १९६१ ला थोडं काम करणारीलाही कामकरी धरलं, १९७१ ला 'मुख्य उद्योग काय' असं विचारलं. तुमच्या अव्वानं त्या वेळी काय सांगितलं असतं? 'घरकाम'. संपलं. बाई तीच, विड्या वळायचं मांडीवरचं सूप तेच, रकाना बदलला.

पार्श्वभूमीला अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास (१९६५) वाचा. त्याआधीचं हवं असेल तर मुंबई सरकारचं लेबर गॅझेट हे कामगारविषयक मासिक १९२१ पासून निघत होतं. गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यात असत, त्या मोजलेल्या सापडतात, कारण गिरणीला हजेरीपट असतो. घराला नसतो. अव्वाचं 'कामगार गिरणीत असतात' हे वाक्य त्यामुळे सोडू नका, जसंच्या तसं, तिच्या शब्दांत लिहून ठेवा. तेलुगूत म्हणाली असेल तर तेलुगूत.

सुताची_गुंडी:
मी स्वतः मुलाखती घेतल्यात (विषय वेगळा होता), तेव्हा दोन गोष्टी. 'कोणत्या साली' असं विचारलं की बाया गप्प होतात किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतात. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, कुणाचं बाळंतपण झालं होतं, घरात लाईट आली होती का, असं विचारा. साल आपोआप जागेवर बसतं.

दुसरं, एकटीला गाठा. सून शेजारी बसली की सासूबद्दल कुणी खरं बोलत नाही. माझ्या पहिल्या पाच मुलाखती त्यामुळेच फुकट गेल्या, सगळ्यांच्या सासवा देवमाणसं निघाल्या.

आणि पासबुक वाचू नका, मोजा. एक वर्ष घ्या, कोणत्या दिवशी नोंद नाही ते काढा. रिकाम्या जागा बोलतात.

जुनी_गिरणी:
अगदी. छाटही मोजा. चेकरनं बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, म्हणजे ती मजुरीतली कपातच. पण एका पासबुकावरून 'सोलापुरात अशी छाट होती' असं लिहू नका. एक कारखाना, एक घर, तीन-चार वर्षं. आठ-दहा घरांतली पासबुकं मिळाली तर बोला.

—

मूळ धागाकर्ती:
खूप उशिरा उत्तर देतेय, माफ करा. दोन रविवार मोजण्यात गेले.

१९८१ चं वर्ष घेतलं. सणाचे आणि कारखाना बंद असल्याचे दिवस सोडले तर एकच मोठी फट निघाली, अकरा दिवसांची. अव्वाला विचारलं. तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, तुझी धाकटी आत्या. अकराव्या दिवशी बारशाआधीच पान भिजवायला घातलं होतं.

मग कायदा उघडला. १९६६ च्या कायद्यानं विडी कामगार बायकांना प्रसूती लाभाचा १९६१ चा कायदा लागू केलेला होता. पण कार्ड सासूचं! साठीच्या बाईच्या नावावर बाळंतपणाचे पैसे कोण मागणार? मागायला जावं तर आधी कबूल करावं लागणार की इतकी वर्षं विड्या दुसरीच करतेय. अव्वाला असे पैसे असतात हेच ठाऊक नव्हतं. "कुणी सांगितलंच नाही," एवढंच म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मॅडमना नवा कागद दिला: 'दुसरीच्या कार्डावर विड्या करणाऱ्या सुना आणि कायद्याचे लाभ: सोलापूरचा पूर्व भाग, १९६६ ते १९८५'. या वेळी चष्मा काढला नाही. "सुनाच का? लेकी नाहीत?" एवढं विचारलं. त्याचं उत्तर अजून नाही माझ्याकडे. गल्लीतल्या सहा जणी बोलायला तयार आहेत, त्यातल्या दोघींकडे पासबुकं आहेत.

आता एक वेगळीच अडचण. पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तेलुगूत काहीतरी लिहिलंय, हिशेब वाटतो. अक्षर अव्वाचं नाही, तिला लिहिता येत नाही. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, मराठी शाळेत गेले ना. कुणी वाचून देईल का?

बारीक_सूत:
टाका फोटो. नाव आणि कार्डाचा नंबर झाकून. आणि आधी अव्वाला विचारून.

मूळ धागाकर्ती:
विचारलं. म्हणते टाक, पण ते पैसे तिनं कुणाला उसने दिले होते ते वाचून मोठ्यानं सांगू नका. संध्याकाळी टाकते.