हर्गच्या अँटिबॉडीला दोन बँड येतात, अँटिबॉडी गेली का?

कलिन्याची_पीएचडी
हर्ग पोटॅशियम चॅनेल (पटलातून पोटॅशियम जाऊ देणारं प्रथिन) बनवणाऱ्या एचईके २९३ पेशींचा (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशी) वेस्टर्न करतेय, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने पट्टे (बँड) बघणं. १५५ आणि १३५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास दोन बँड येतात, शिवाय वेलच्या (जेलमध्ये सॅम्पल भरायची खाच) तोंडाशी काळा पट्टा. सॅम्पल ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळते. पावसात पार्सल अडकलं, बर्फ वितळलेला होता, म्हणून सर म्हणतात अँटिबॉडी गेली, नवीन मागव. ग्रँटमध्ये खडखडाट आहे हो!

परळची_मावशी
थांब गं, ऑर्डर टाकू नकोस. हर्गला दोन बँड यायलाच हवेत, एकच आला असता तर मी घाबरले असते. १३५चा अजून ईआरमध्येच (पेशीतला प्रथिन घडवणारा भाग) आहे, साखर अर्धवट लागलेली. १५५चा गॉल्जीतून (ईआरनंतरचा टप्पा, इथे साखर पूर्ण होते) पुढे सरकून पेशीच्या पटलावर पोचलेला. खात्री हवी तर एन्डो एच (फक्त ती अर्धवट साखर कापणारं एन्झाइम) घाल, फक्त खालचा घसरेल. पीएनजीएज एफने (दोन्ही प्रकारची साखर कापणारं एन्झाइम) दोन्ही खाली येऊन एकत्र होतील.

वरचा काळा पट्टा मात्र उकळण्याचा प्रताप. सहा-सहा वेळा पटल ओलांडणारं प्रथिन ९५ला नासलेल्या दुधासारखं गोळा होतं, जेलमध्ये शिरतच नाही. ३७ला अर्धा तास ठेव. ट्रान्सफर (जेलमधली प्रथिनं पडद्यावर उतरवणं) रात्रभर ३० व्होल्टवर, कोल्ड रूममध्ये. (आमच्याकडे पोरं तिथे जेवणाचे डबे ठेवतात. कितीही ओरडा, ढिम्म.)

आणि आयजीजी (अँटिबॉडीचा नेहमीचा प्रकार) काटक असते, दोन दिवसांच्या उबेने सहसा मरत नाही. वारंवार गोठवलं-वितळवलं की मरते. छोटे छोटे भाग करून ठेव, फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये नको.

ठाणे_फास्ट
ज्या पेप्टाइडवर अँटिबॉडी बनवली ते आधी मिसळून बघा. बँड गेले की शंका मिटली.

परळची_मावशी
अर्धीच मिटली. तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनात असला तर तो बँडही जाईल ना! साध्या, चॅनेल न घातलेल्या एचईकेची लेन शेजारी हवीच. ती नसलेला ब्लॉट (वेस्टर्नचा पडदा) मी तरी बघतसुद्धा नाही.

कलिन्याची_पीएचडी
मावशी, ३७ने पट्टा गेला!! आता हीच अँटिबॉडी जिवंत पेशींवर लावून पृष्ठभागावरचं हर्ग दिसेल का? डेटाशीटवर सी-टोक लिहिलंय, म्हणजे ती प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला चिकटते.

परळची_मावशी
नाही दिसणार. सी-टोक पेशीच्या आत असतं, अँटिबॉडी बाहेरच ताटकळेल. डिटर्जंटने पटल उघडलंस तर ईआरमधलंही चमकेल, मग पृष्ठभागाचं काय सांगशील? त्यासाठी बाहेरच्या लूपविरुद्धची वेगळी घ्यावी लागेल. पैसे मागायचेच तर तिच्यासाठी माग, पण आधी एन्डो एचचा ब्लॉट सरांच्या टेबलावर ठेव.