गालावरचा तीळ वाढायचा थांबला, तो का?

काळीमाती (लातूर)
अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. काल पेशीविभाजन चालू होतं. एका पोरीनं गालावरचा तीळ दाखवला. "सर, हा सहावीत असताना मोहरीएवढा होता, मग मसुरीएवढा झाला आणि थांबला. कोणी थांबवला?" अ-ब-क-ड पर्याय असते तर तोंडपाठ सांगितलं असतं. 'हेफ्लिक मर्यादा, 50 विभाजनं', म्हणजे साधारण 50 वेळा विभागली की पेशी थांबते, असं ठोकून दिलं. रात्री झोप लागेना. चुकलो का?

धुऱ्यावरची (मूळ अंबाजोगाई, सध्या पुणे)
सर, अर्धं चुकलात. माझी पीएचडी यातच झाली, म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्या वर्षी माझ्या फायब्रोब्लास्ट (जोड-ऊतीतल्या पेशी) वाढेनाशा झाल्या. ट्रिप्सिन हे एन्झाइम टाकून फ्लास्कला चिकटलेल्या पेशी सोडवायच्या, एका फ्लास्कच्या दोन करायच्या, असं चाललं होतं. मग फ्लास्क भरेचना. पेशी पसरट, धिरड्यासारख्या. मी सीरम बदललं, इन्क्युबेटर धुतला, लाइट गेली म्हणून वॉचमनशी भांडले. तीन महिने गेले. शेवटी गाईडनं फ्लास्कवर माझ्याच मार्करनं लिहिलेला आकडा दाखवला : पी-48, म्हणजे 48 वेळा एकाच्या दोन करून झालेल्या. पेशींना काही झालं नव्हतं, त्यांची मोजणी संपली होती.

ही मर्यादा ज्याच्या नावानं आहे त्या लेनर्ड हेफ्लिकलाही आधी 'तुझ्या हाताचा दोष' हेच ऐकावं लागलं असणार. कारण पेशी कायम विभागत राहतात असंच तेव्हा सगळे मानायचे; अलेक्सी कॅरेल या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या पेशी 1912 पासून 34 वर्षं वाढत होत्या म्हणे! हेफ्लिक आणि पॉल मूरहेडनी 1961 च्या कामात पुरुषाच्या म्हाताऱ्या पेशी आणि बाईच्या तरुण पेशी एकाच बाटलीत घातल्या. अन्न तेच, हात तोच. काही काळानं उरल्या त्या फक्त बाईच्या. म्हणजे मोजणी पेशीच्या आतच होती.

कशी? औतानं रान नांगरताना बैल वळवायला धुऱ्याजवळ जागा लागते, तेवढी पट्टी राहतेच. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेचंही टोकाला तसंच होतं. म्हणून टोकाला टेलोमेअर असतं, टीटीएजीजीजी हीच अक्षरं हजारो वेळा. दर विभाजनाला त्यातली 50 ते 200 अक्षरं जातात. फारच आखूड झालं की पेशीला ते टोक तुटलेल्या डीएनएसारखं दिसतं, पी53 हे राखणदार प्रथिन जागं होतं, ते पी21 या दुसऱ्या प्रथिनाला कामाला लावतं, आणि विभाजन बंद.

तिळाचं मात्र वेगळं. बऱ्याच तिळांत बीआरएएफ या जनुकात एक चूक झालेली असते, पेशी सुसाट वाढायला निघतात, मग पी16 नावाचा दुसराच ब्रेक लागतो. त्यात 50 चा काही संबंध नाही.

उदगीरवाला
आमच्या ग्रुपवर टेलोमेअर लांब करायच्या गोळ्या विकूलालेत. पप्पांसाठी घ्याव्या का?

धुऱ्यावरची
नको हो भाऊ. टेलोमेअर लांबवणारं टेलोमरेज हे एन्झाइम, त्याच्या कामाला 2009 चं नोबेल मिळालं. पण सुमारे दहातल्या नऊ कॅन्सरमध्ये हेच चालू असतं. तुम्ही ब्रेक काढायला पैसे देणार का?

कडबा
म्हणजे थांबलेली पेशी मेली का?

धुऱ्यावरची
नाही! मेली असती तर सोपं होतं. माझ्या पी-48 वाल्या पुढं कित्येक महिने जिवंत होत्या. रंग टाकला की निळ्या व्हायच्या. वाढत नाहीत, पण आजूबाजूला सूज आणणारी रसायनं सोडत बसतात. चावडीवरच्या रिकामटेकड्यांसारखं, काम शून्य, गावात कालवा.

आणि सर, त्या लेकराला एवढं सांगा की तीळ परत वाढायला लागला, कडा किंवा रंग बदलला, तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचा.

काळीमाती (लातूर)
सांगतो. उद्या पहिल्याच तासाला फळ्यावर धुरा काढतो, आणि चुकलो हेही कबूल करतो. पण मॅडम, पेपरात पर्याय 50 असाच आला तर?

धुऱ्यावरची
तर गुमान 50 चा गोल काळा करायला सांगा.