मदत हवी आहे: डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये सेटअप.एच बदलूनही फरक पडत नाही

मंडळी, डब्ल्यूएक्सविजेट्स ३.२ (सी++ मध्ये खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी) मधून वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) आणि एचटीएमएल (साधं एचटीएमएल दाखवणारा भाग) वगळून लायब्ररी बिल्ड करायची आहे. लिनक्सवर कॉन्फिगरला (बिल्डआधी चालवायची स्क्रिप्ट) डिसेबलचे पर्याय दिले, काम झालं. अडलंय विंडोजवर, एनमेकने (मायक्रोसॉफ्टचं बिल्ड टूल). इन्क्लूड फोल्डरच्या एमएसडब्ल्यूमधल्या सेटअप.एचमध्ये (कोणते भाग घ्यायचे ते ठरवणारी फाइल) या दोन्ही भागांच्या सेटिंग १ च्या ० केल्या, पुन्हा बिल्ड केलं, तरी फरक शून्य. मग कळलं, पहिल्या बिल्डच्या वेळी त्या फाइलची प्रत लिब फोल्डरमध्ये जाते आणि पुढे तीच वापरली जाते. ती प्रत बदलली की चालतं, पण लिब फोल्डर साफ केला की बदल जातो.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, कारण ती गिटमधून येते. टीमही मोठी आहे. सीमेक (लिनक्स-विंडोज दोन्हींसाठी बिल्ड फाइल्स तयार करणारं टूल) वापरायची तयारी आहे.

सीमेकला हे पर्याय ऑफ दिले, तर लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे सेटअप.एच आपोआप तसाच तयार होईल का? आणि एचटीएमएलवर अवलंबून असलेली मदत-खिडकी गुपचूप बंद न होता कंपाइललाच एरर यावा, यासाठी काय करावं?