आरसीवाल्या शेजाऱ्यांचं नागरिकत्व आणि आमचे पट्टे

नवेगावची लेक: ‘तिबेटी पन्नास वर्षं फुकटच्या जमिनीवर बसले, आता पासपोर्टही पायजे’ ही पोस्ट काल अर्जुनी-मोरगावच्या ग्रुपांवर फिरली. वाचून डोकं तापलं. गोठणगावची नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972ची. माझी मैत्रीण तिथंच जन्मली, 1989 साली. तिचा भाऊ 1985चा. कायद्यानं 1 जुलै 1987च्या आधी इथं जन्मला म्हणून तो भारतीय, आणि आईवडील तिबेटातून आलेले म्हणून ती परदेशी. एकाच घरात! मुदत संपली की ती आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र, घेऊन पोलिसांच्या दारात. बाहेरदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, त्याऐवजी ओळख प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक.

इटियाडोहवाला: मंग भारतीय होऊन जाव म्हणा ना! दिल्ली हायकोर्टानं 2016लेच पासपोर्ट द्या म्हटलं.

नवेगावची लेक: ते 1950 ते 1987मध्ये इथं जन्मलेल्यांपुरतं, भाऊ. त्यांनाही 2017मध्ये अट घातली: आरसी परत करा, वसाहत सोडा. म्हातारी माय कोणाच्या भरवशावर टाकायची?

धानकरी: त्याईचं ठीक आहे. आमचं काय? आमच्या बुढ्यानं जंगल तोडून बांध्या केल्या, मी तिथंच धान लावतो. वनहक्काचा पट्टा मागितला, त आदिवासी नाही म्हणून तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा पुरावा मागतात. बुढा शाळेतच गेला नाही, कागद कुठून आणू? दावा नामंजूर. बाहेरच्याले जमीन अन् मी अतिक्रमणधारक!

इटियाडोहवाला: बरोबर बोलला. पह्यले पट्टे, मंग पाहुणे.

नवेगावची लेक: पाहुणे? 1971ले चितगावच्या डोंगरात भारतासाठी तिबेटी जवान लढले. आणि जमीन त्यांच्या मालकीची नाही. विकता येत नाही, सातबारा नाही. धानकरी भाऊ, कागद नाही म्हणून तुमची जमीन नाकारली, तिचं तर नागरिकत्वच नाकारलं. तुमचा राग तहसीलवर काढा, तिच्यावर काहून?

धानकरी: मले शिकवू नका. दहा वेळा तहसील पाह्यली म्या.

गावगाड्याचा: वनहक्काच्या नियम 13 मध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. तो जोडला होता का?

धानकरी: कोणी सांगितलंच नाही.

इटियाडोहवाला: धागा तिबेट्याईचा होता ना?

धानकरी: असू दे. इथं जन्मली त पोरीले नागरिकत्व द्या, माही ना नाही. पण पट्ट्याच्या वेळेस तुम्ही सारे कुठं असता?

नवेगावची लेक: ग्रामसभेचा ठराव आणि नामंजुरीचं पत्र पाठवा. अपिलाची मुदत पाहते. आणि तिच्या अर्जावर तुमची सही लागेल, शेजारी म्हणून.

धानकरी: अर्ज पह्यले वाचून दाखवा.